बाळंतिणीच्या खोलीचं माप

"तुमच्याकडे सगळ्यात मोठं कुठलं आहे? तेच बसवा," रणजित मोहिते म्हणाला.

त्याच्या तळघरात आम्ही दोघं जुन्या यंत्रासमोर उभे होतो. भिंतीला टांगलेली ती पत्र्याची पेटी एकसारखी कण्हत होती. मी झाकण उघडून जाळी बाहेर काढली. जाळीवर धूळ होती, पण हवा अडेल इतकी नव्हती.

"मोठं म्हणजे चांगलं असं नसतं यात," मी म्हणाले. "चपलेसारखं आहे. मापापेक्षा मोठी घातली तरी चालता येत नाही."

"मग आमचं माप काय?"

"तेच काढायला आलेय."

तो हसला. "इचलकरंजीची माणसं अशीच. सरळ उत्तर द्यायचं नाही."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी कोल्हापूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून कॅनडातल्या सास्काटूनला पुढचं शिकायला गेले होते आणि तिथेच घरांच्या हवेचं काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले होते. तिकडे हिवाळ्यात बाहेर उणे तीस असतं. ऊब टिकावी म्हणून घरं डब्यासारखी बंद बांधतात. मग आतली हवा शिळी होते, श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ कोंडते. खिडकी उघडावी तर दहा मिनिटांत घराचा बर्फ. म्हणून हे यंत्र. ते आतली शिळी हवा बाहेर टाकतं, बाहेरची ताजी आत घेतं, आणि दोन्ही हवा एकमेकींत न मिसळता शेजारून जाताना जाणारीची ऊब येणारीला देतं. मला ते यंत्र फार आवडायचं. आणि त्याचं माप काढणं त्याहून आवडायचं. लहान पडलं तर काचांवरून पाणी ओघळतं, कोपऱ्यात बुरशी धरते. मोठं झालं तर घर इतकं कोरडं पडतं की ओठ फुटतात, गार हवेचे झोत लागतात, आणि शेवटी लोक कंटाळून ते बंदच करून टाकतात.

"तक्रार काय आहे नेमकी?" मी विचारलं.

"खिडक्यांवर पाणी. नुसतं पाणी नाही, बर्फ धरलाय आतून. आणि हवा जड वाटते. सगळ्यांची डोकी दुखतात. माझं कमी, मी खालीच असतो कामाला. वृषालीचं फार. माझी बायको. बाळंतीण आहे."

"माणसं किती घरात?"

"आम्ही दोघं, बाळ, आणि सासूबाई. विट्याहून आल्यात सहा महिन्यांसाठी."

"काही जळतं का घरात? शेकोटी, गॅस?"

"काहीही नाही. स्वयंपाक विजेवर. सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलंय, इथे घरात विस्तव चालत नाही. देवापुढे उदबत्ती लावतात तेवढीच."

वर जाताना मला जिन्याच्या छताला रिकामी चकती दिसली. तिथे विषारी वायूचा आणि धुराचा अलार्म असायला हवा होता.

"हा कुठे गेला?"

"अहो, फोडणी टाकली की बोंबलायचा. बाळ दचकून उठायचं. ठेवलाय ड्रॉवरमध्ये."

"आजच्या आज लावा परत."

"मीटिंग संपली की लावतो. तुम्ही घ्या तुमची मापं, काही लागलं तर हाक मारा." आणि कानांवर मोठाले हेडफोन चढवून तो तळघरातल्या टेबलाशी जाऊन बसला.

मी वरच्या खोल्या मोजायला सुरुवात केली. माझ्याकडे हातात मावणारा एक मीटर होता. माणूस श्वासावाटे जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो खोलीत किती साठलाय हे तो दाखवायचा. बाहेरच्या हवेत आकडा चारशेच्या आसपास असतो. दार लावून माणसं झोपली की दोन हजार, फार तर तीन. स्वयंपाकघरात आकडा जरा चढा होता, बैठकीच्या खोलीत तसाच. लहान पडणाऱ्या यंत्राच्या घरात दिसतो तसा. मोहित्यांचं म्हणणं खरं असावं असं वाटायला लागलं.

शेवटची खोली बंद होती. दाराखालच्या फटीत टॉवेल घट्ट कोंबलेला होता. मी टकटक केली.

"कोण हाय?"

"मी यंत्रवाली, मावशी. हवा मोजायला आलेय."

"हवा मोजायला?" आतून हसू ऐकू आलं. "हवा काय मोजायला येती व्हय? शेराच्या मापानं का पायलीच्या?"

दार जरासं उघडलं. साठीच्या आसपासच्या एक ठेंगण्या बाई, अंगावर नऊवारी, त्यावर जावयाचा स्वेटर, पायात काही नाही. या शालन घोरपडे, रणजितच्या सासूबाई.

"मराठी बोलतीस? कुठली गं तू?"

"इचलकरंजीची. बिरनाळ्यांची केतकी."

"बिरनाळे म्हणजे जैन. बरं, बरं. हात धुतलेस का? ये, पण बिगीनं ये. वारं शिरतंय आत."

मी शिरले. मागे त्यांनी दार लोटलं आणि पायाने टॉवेल सारला.

खोली उबदार होती. ओव्याचा आणि बाळंतशेपांचा तो वास आला आणि एकदम माझ्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण आठवलं. दिवसा एकदा धुरी दिली असणार असं मी धरून चालले. खिडकीच्या काचेवर खालच्या अर्ध्या भागात बर्फाचा जाड थर होता. मध्ये एक बुटकी घडीची खाट, सहलीला नेतात तसली. तिच्यावरून गोधडी चहूबाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत होती. खाटेवर डोक्याला घट्ट रुमाल बांधून वृषाली पडलेली, आणि कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

"बस ना," वृषाली म्हणाली. डोळे अर्धवट उघडून. "सॉरी हं, मी उठत नाही. डोकं असं ठणकतंय ना."

"झोप कुठली मिळतीय पोरीला," शालनमावशी म्हणाल्या. "पण माझी नात बघ कशी शहाणी. बारसं व्हायचंय अजून, पण अक्कल बघ. आधी निस्ती किरकिर करायची. परवापास्नं रडणं न्हाई का कुरकुर न्हाई."

"नशीबवान आहात," मी म्हणाले, आणि भिंतीवरच्या जाळीकडे बघितलं. त्या जाळीतून या खोलीत ताजी हवा यायला हवी होती. मी हात धरला. काहीच नाही. दार उघडून बाहेरून शिडी आणली, चढले आणि जाळी काढली. आत जुन्या लुगड्याचं मऊ फडकं ठासून भरलेलं होतं.

"मावशी, हे काय?"

"तुझं ते भोक बाळाच्या टाळूवर गार वारं सोडतंय. मीच कोंबलंय."

मला हसू आवरेना. यंत्र लहान नव्हतंच तर. त्याचं नाक दाबलं होतं. मी तिथल्या तिथे मनात हिशेब बदलून टाकला. नवीन यंत्र मोठं नको, आहे तेवढंच बस झालं, फक्त जाळीला तोंड वळवायचं झाकण लावायचं म्हणजे झोत खाटेवर न येता छताकडे जाईल. एखादं कोडं सुटल्यावर वाटतं तसं मला छान वाटत होतं.

"हा बोळा काढून टाकते हं मी. वारा वर जाईल असं करून देते."

"आता नगं काढू. बाळ निजलंय. तुझं काय मोजायचं ते मोज आन् जा."

"मोजते."

मी मीटर बाहेर काढला. चार हजारांच्या वर. जास्त होता, पण जाळी बंद आणि दार बंद म्हटल्यावर समजण्यासारखा होता. आता माझा आवडीचा भाग. खोलीची लांबी, रुंदी, उंची. आत माणसं किती. एक माणूस तासाला किती वायू सोडतो. तो बाहेर न्यायला किती हवा लागेल. शिडी आत आणताना मी दार सताड उघडं ठेवलं होतं, ते अजून तसंच होतं. म्हणजे आकडा हळूहळू उतरायला हवा होता.

तो चढत होता.

मी मीटर झटकला. उगीचच, झटकून काही होत नाही हे मला माहीत होतं. चार हजार सहाशे. आठशे. मी तो घेऊन बाहेर बोळात गेले. तिथे आकडा भराभर खाली आला. मीटर बिघडलेला नव्हता. परत आत आले. पुन्हा चढायला लागला. खाली वाकून खाटेच्या उंचीला धरला, तेव्हा पाच हजार ओलांडले आणि आकड्यांच्या जागी आडव्या रेघा आल्या. त्यापुढे त्या मीटरला मोजताच येत नव्हतं.

मी तशीच उभी राहून हिशेब करत होते. मला आठवतं, मी घाबरले नव्हते अजून. मला कुतूहल वाटत होतं. आम्ही तीन बायका आणि एक तान्हं बाळ. एवढ्यांचा इतका वायू होऊ शकत नाही. उलटा हिशेब मांडला तर या खोलीत दहा-बारा माणसं दाटीवाटीनं बसलेली असायला हवी होती. यंत्राचं माप काढू गेले तर एखाद्या शाळेच्या सभागृहाला लागेल एवढं यंत्र येत होतं, एका बाळंतिणीच्या खोलीला.

या खोलीत आणखी काहीतरी श्वास घेत होतं.

मी लोंबणाऱ्या गोधडीकडे बघितलं.

"मावशी, खाटेखाली काय आहे?"

"काय न्हाई."

मी गुडघ्यांवर बसले आणि गोधडी उचलली. खाली दोन विटा, विटांवर बिडाची काळी कढई, आणि कढईत राखेखाली लालबुंद निखारे. गॅरेजमध्ये मी येताना कोळशाचं पोतं पाहिलं होतं. उन्हाळ्यात अंगणात कणसं भाजायला आणलेलं असेल असं तेव्हा वाटलं होतं.

"जावईबापूंना सांगू नगंस," शालनमावशी हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्यांना न्हाई कळायचं. शेक-शेगडीबिगर बाळंतीण उभी ऱ्हाती व्हय? आन् धूर न्हाई हां करत मी. मागच्या पायरीवर पेटवते, सगळा धूर बाहिरच घालवते, पार निखारं झाल्यावर आत आणते. हुंगून बघ की. धूर न्हाई, वास न्हाई."

"मीच म्हटलं तिला," वृषाली डोळे न उघडता म्हणाली. "पाठीला बरं वाटतं गं."

माझा मीटर एकच वायू मोजायचा. कोळसा कोंडलेल्या जागी जळतो तेव्हा दुसराही एक सोडतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा धरतो आणि सोडत नाही. आधी डोकं दुखतं. मग हातपाय जड होतात. मग झोप येते. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं. आणि माझ्याही कपाळावर, डोळ्यांच्या मागे, काहीतरी दाबायला लागलं होतं. ते खरं होतं की भीतीनं, मला सांगता येत नव्हतं.

"बाहेर चला," मी म्हणाले. "सगळ्यांनी. आत्ता."

"काय?"

मी खिडकीकडे धावले. कडी फिरवली, दोन्ही हातांनी ओढलं. चौकट बर्फानं सांधली होती. जराही हलली नाही. मी वळून ओरडले, "रणजित! रणजित!" खालून काही उत्तर आलं नाही. कानांवर ते हेडफोन.

"आगं, ओरडतीस कशाला? बाळ उठंल!"

"ते उठत नाहीये मावशी, तेच तर! या कोळशातून विष निघतंय. वास नसतो त्याला. वृषाली, ऊठ. उठून बस."

वृषालीनं कोपरावर जोर दिला. उठली, हसल्यासारखं केलं, आणि पुन्हा उशीवर पडली. "पाय माझे नाहीतच वाटतात," ती म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगत होती.

मी बाळाला उचलायला हात घातला तर शालनमावशींनी माझं मनगट पकडलं. त्यांची पकड अशी होती की आजही आठवली की हात दुखतो.

"हात लावू नगंस तिला. बाहिर बर्फ पडलाय. ओली बाळंतीण हाय ही. आन् दीड महिन्याचं लेकरू त्या बर्फात नेतीस? डोकं फिरलंय का तुझं?"

"गाडीत नेते. गाडी गरम करते." मी दुसऱ्या हातानं खिशातल्या किल्लीचं बटण दाबलं, बाहेर अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"सात बाळंतपणं केलीत मी. माझ्या नणंदांची, भावजयांची. समद्यांना शेगडी दिली. कोण मेलं?"

त्या खरंच विचारत होत्या. आणि मला त्यांना कौलं, फटी, वारा, कोंडलेली घरं हे सगळं सांगायला वेळ नव्हता. निखारे माझ्या पायापाशी होते. कढई उचलून न्यायला चिमटा दिसत नव्हता. त्या माझ्यापेक्षा दणकट होत्या. झटापटीत बाळ पडलं असतं.

"मावशी, एक करा. तिला रडवा."

"काय?"

"तुम्ही रडवा तिला. तुम्हाला येतं. ती रडली तर मी गुपचूप निघून जाते, जावईबापूंना एक शब्द सांगत नाही. रडवा."

त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. पण मनगट सोडलं. दुपट्याचं टोक उलगडून बाळाचा एक पाय बाहेर काढला, तळव्यावर बोटानं टिचकी मारली. अगदी हलकी.

बाळानं ओठ हलवले.

"निजलीय," त्या म्हणाल्या. पुन्हा टिचकी मारली, जोरात. मग आणखी जोरात. तळवा लाल झाला. बाळाची मान एका बाजूला कलली आणि तशीच राहिली.

"ए छकुले," त्या म्हणाल्या. "ए बाई. ए माझ्या आई, रड की गं."

त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी बाळाला दुपट्यासकट छातीशी धरलं आणि त्या पळाल्या. बोळातून, पुढच्या दारातून, पायऱ्यांवरून. अनवाणी. जिला गार वाऱ्याची एवढी भीती होती ती बाई उणे तीसच्या बर्फात अनवाणी पळत होती.

मी वृषालीच्या काखेत हात घालून तिला ओढलं. ती आडदांड नव्हती, पण अंग पार सैल सोडलेल्या माणसाला ओढणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. बोळात आल्यावर मी जिन्यातून हाताला लागलं ते खाली फेकलं. बहुतेक बूट होता. तो जाऊन रणजितच्या टेबलावर आपटला. तो हेडफोन काढत चिडून वर आला आणि बायकोला जमिनीवर बघून जागीच थिजला.

"उचला. बाहेर. काही विचारू नका."

त्यानं विचारलं नाही.

गाडीत शालनमावशी मागच्या सीटवर बसल्या होत्या, पावलांना बर्फ चिकटलेला. बाळाला त्यांनी मांडीवर उताणं धरलं होतं आणि तोंडावर फुंकर घालत होत्या. मी अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती आणि मला इंग्रजी आठवत नव्हतं. वृषालीला रणजितनं पुढच्या सीटवर बसवलं. तिला उलटी झाली. त्या उलटीचा मला आनंद झाला, कारण ते निदान काहीतरी होतं.

"रडंना," शालनमावशी म्हणत होत्या. "केतके, रडंना गं ही."

"खिडकी खाली करा. तोंडावर हवा लागू द्या."

"गार हाय!"

"लागू द्या, मावशी."

त्यांनी खिडकी खाली केली. ती हवा चेहऱ्यावर सुईसारखी टोचते. बाळानं तोंड वाकडं केलं. हात झटकला. मग खोल कुठूनतरी एक चिरका, तुटका आवाज निघाला, बंद पडला, आणि पुन्हा निघाला. मग ती रडायला लागली. रणजित गाडीच्या टपावर डोकं टेकून उभा होता, बर्फात, मोज्यांवर.

अग्निशमनवाले आले, तोंडाला मुखवटे लावून आत गेले आणि ती कढई बाहेर आणून बर्फात उलटी केली. त्यांच्या मीटरवरचा आकडा त्यांच्यातल्या एकानं मला दाखवला. मी तो आजवर कुणाला सांगितलेला नाही.

हॉस्पिटलमध्ये सगळ्यांनाच प्राणवायू लावला, मलाही थोडा वेळ. बाळाचं रक्त तपासलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं हे डॉक्टरीणबाईंनी शब्दांत सांगितलं नाही. फक्त रणजितचा खांदा दाबला. बाळ ठीक होणार होतं. वृषालीही. रणजित आत त्यांच्यापाशी होता. सासूबाईंकडे पाठ फिरवूनच तो आत गेला होता.

बाहेरच्या बाकावर मी आणि शालनमावशी होतो. त्यांच्या पायांत हॉस्पिटलनं दिलेले निळे मोजे होते. त्या त्या मोज्यांकडे बघत होत्या.

"त्याला वास न्हाई म्हणालीस."

"नाही."

"डोळ्यालाबी दिसत न्हाई."

"नाही."

"मग माणसाला कळावं कसं?"

"कळत नाही, मावशी. डोकं दुखतं आणि झोप येते, एवढंच."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वृषालीच्या आदी मला एक झाली हुती. तिला ठाव न्हाई. कुणी काढतच न्हाई तिचं नाव. नाव तरी कुठं ठेवलं हुतं."

त्यांनी एका पायातला मोजा वर ओढला.

"झड लागली हुती पावसाची. दारं-खिडक्या समदी बंद. सासूबाईंनी बाजेखाली शेगडी ठेवलेली, चांगली भरून. मलाबी अशी गुंगी आली त्या रातीला, काय सांगू. सकाळी पाजायला घेतली, तर." त्या थांबल्या. "गाल कसलं लाल हुतं तिचं. जिती असताना नव्हतं तसलं. बायका म्हणाल्या, निजंतच गेली, देवाला आवडली."

लाल गाल. त्या वायूनं गेलेल्या माणसाची कातडी कधीकधी तशी दिसते. हेही मी परीक्षेत लिहिलं होतं.

त्या वळल्या. डोळे कोरडे होते. "तू शिकल्याली हायस. तू सांग. ह्यानंच का?"

मला खोटं बोलता येत नाही असं मी तोवर समजत होते. मी वाट शोधत होते, कुठलीही. आणि ती माझ्याच विषयात सापडली.

"घर कसलं होतं, मावशी?" मी विचारलं. "कौलारू होतं का? कौलारू घरात वारा खेळतो. कौलांमधून, वाश्यांमधून हवा जात-येत राहते. दारं बंद असली तरी. तिथे नाही कोंडत हा वायू असा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "कौलारूच हुतं."

"मग नसेल."

"मग नसंल," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं, जणू मीच काहीतरी गमावलं होतं.

बर्फ वितळल्यावर मी त्या घरी पुन्हा गेले. यंत्र बदललं, जुनं झिजलंच होतं. माप तेच ठेवलं. बाळाच्या खोलीतली जाळी छताकडे तोंड वळवणारी लावली, आणि अलार्म दोन बसवले. स्वयंपाकघरापासून लांब, म्हणजे फोडणीनं ओरडणार नाहीत असे. शालनमावशी विट्याला परत गेल्या होत्या. रणजितनं त्यांना तिकीट काढून दिलं होतं, ठरलेल्या तारखेच्या बऱ्याच आधीचं. वृषालीनं ते मला सांगितलं आणि विषय बदलला.

मी निघताना तिनं फोन पुढे धरला. "थांब, आईला दाखवते तुला. सारखी विचारत असते."

पडद्यावर शालनमावशी होत्या. घरात बसलेल्या, मागे कपाट, कपाटावर स्टीलचे डबे.

"बसवलंस व्हय गं यंत्र? केवढं बसवलंस?"

"लागतं तेवढंच, मावशी."

"ब्येस केलंस."

वृषालीनं फोन माझ्या हातात दिला आणि ती बाळाला घ्यायला आत गेली. तिकडे शालनमावशींनी फोन उंच धरला असावा किंवा तो हातात नीट बसत नसावा, कारण पडदा हलला आणि त्यांच्या डोक्यावरचं छत दिसलं. सपाट, पांढरं, मध्ये पंख्याचा हूक. सिमेंटचा स्लॅब.

"मावशी," मी म्हणाले. "घर नवीन बांधलंत वाटतं?"

त्यांनी फोन खाली घेतला. आता फक्त त्यांचा चेहरा होता, अगदी जवळ.

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "लगीन हून आले तवापास्नं हेच हाय."

त्यांनी नजर खाली घातली नाही. मीही घातली नाही. पलीकडे त्यांच्या गल्लीत कुणीतरी भाजी विकत चाललं होतं, त्याचा आवाज येऊन गेला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"जेवले," मी म्हणाले.

मी जेवले नव्हते.